मागच्या चाकांतलं पाणी

रामा शिवलकरांनी बॉनेट उचललं, इंजिनवर तळहात टेकवला आणि लगेच मागे घेतला.

"गरम हाय," ते म्हणाले.

"सकाळी जरा चालू केलावता," आत्माराम घाग म्हणाले. "तुम्ही येनार, म्हटलं बॅटरी बघूया."

"मी येनार म्हनून तर बंद ठेवायला होवा होता. गरम इंजिन कोनाच्या पन हातात चालू होतं. गार होऊ दे, मग बघू."

"अवो, त्याला दोन तास लागतील."

"लागू देत. माझी गाडी सहाला हाय."

घागांनी एकदा घराकडे पाहिलं आणि एकदा रस्त्याकडे. गिऱ्हाईक दोन तास थांबणार म्हटल्यावर माणूस चहा तरी विचारतो. घागांनी विचारलं नाही. रामांनी तेही मनात टिपून ठेवलं.

रामा शिवलकर सत्तावीस वर्षं ट्रॉलरवर इंजिन ड्रायव्हर होते. मिरकरवाड्याच्या बंदरात त्यांची ओळख 'संशयी रामा' अशीच होती. नव्या कॅनमधलं ऑइलसुद्धा ते बोटांवर चोळून बघितल्याशिवाय इंजिनात ओतत नसत. एकदा मालकाच्या शब्दावर विसंबून ते बोट घेऊन गेले होते. इंजिन नुकतंच उघडून बांधलंय, असं मालकाने शपथेवर सांगितलं होतं. किनाऱ्यापासून तीस मैलांवर ते बंद पडलं आणि आठ माणसं दीड दिवस लाटांवर हेलकावत राहिली. तेव्हापासून त्यांचा विश्वास फक्त स्वतःच्या हातावर आणि कानावर. गुडघे गेल्यावर समुद्र सुटला, सवय सुटली नाही. राजापूरजवळच्या गावात कातळावर त्यांनी आंब्याची बाग धरली होती. कातळात खड्डे फोडून झाले होते, आता त्यांत खालच्या व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या काठची माती आणून भरायची होती. डोक्यावरून टोपल्या वाहायला माणसं मिळत नव्हती. म्हणून हा छोटा ट्रॅक्टर, पुढे लोडर बसवलेला. मोबाइलवर फोटो पाहून ते चार तास एसटीने सावर्ड्याला आले होते आणि तिथून आत चार किलोमीटर रिक्षाने.

इंजिन गार होईपर्यंत त्यांनी बाकीचं तपासून घेतलं. मीटरवर आठशे तास होते. क्लच आणि ब्रेकच्या पॅडलवरचं रबर तेवढंच झिजलेलं होतं, म्हणजे मीटर मागे फिरवलेला नव्हता. गिअर ऑइलला जळका वास नव्हता. लोडरच्या हायड्रॉलिक पायपांना कुठे पाझर नव्हता, पिनांना ग्रीस होतं. कुणीतरी हा ट्रॅक्टर फार मायेने सांभाळला होता. सगळं चांगलं होतं आणि म्हणूनच रामांना चैन पडेना. इतका चांगला ट्रॅक्टर इतक्या कमी किमतीत कोण देतो?

मग त्यांना डावी बाजू दिसली. डावं मडगार्ड आणि लोडरचा डावा दांडा उजव्या बाजूपेक्षा जास्त लाल होता. वाकून वास घेतला तर रंग अजून नवा.

"ही बाजू का रंगवलीत?"

"झाडाला घासलीवती."

"दांडा पन?"

"तो पन घासला."

"आणि विकता कशाला?"

"चालवनार कोन? मुलगा मुंबईला गेला. माझं वय झालं."

घरात कुणीतरी खोकलं. तरण्या पुरुषाचा खोकला होता.

"घरात कोन हाय?"

"कोन नाय," घाग म्हणाले आणि अंगणातला पाचोळा पायाने सारू लागले.

पाय मोकळे करून येतो, असं सांगून रामा फाट्यापर्यंत चालत गेले आणि मोरीच्या कठड्यावर बसले. चोरीचा असेल का? बँकेने ओढून नेण्याआधी विकायची घाई असेल का? कागद तर घागांच्याच नावावर होते. मग मुलगा लपवायचं कारण काय?

सव्वाचारच्या सुमारास लोट्याच्या एका कारखान्याची बस फाट्यावर थांबली. एकच बाई उतरली. पंजाबी ड्रेसवर कंपनीचा निळा शर्ट, खांद्याला डब्याची पिशवी. रामांना पाहून ती थबकली.

"ट्रॅक्टर बघायला आलात?"

"होय. तू घागांकडची?"

"सून. राजश्री."

"म्हणजे नवरा मुंबईला असतो तो तुझाच."

ती रामांकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग आला नाही, फक्त थकवा जास्त दिसू लागला.

"असं सांगितलं तुम्हाला? ते घरातच आहेत. चला काका, दाखवते."

घाग अंगणात आडवे आले, पण सुनेने थांबून त्यांच्याकडे नुसतं पाहिलं आणि ते बाजूला झाले. आत खिडकीशी कॉटवर एक तिशीचा माणूस बसला होता. डावा पाय गुडघ्याखाली नव्हता.

"बसा," तो म्हणाला. "मी सागर. इंजिन गार झालंय आता. सेल्फ मारून बघा, एका झटक्यात घेईल. नाही घेतलं तर ट्रॅक्टर घेऊ नका."

"तुझ्या अंगावर पडला तो?"

"होय. गटारीच्या दुसऱ्या दिवशी. बांध ढासळला होता, त्याला बकेटमधून चिरे नेत होतो. उतार नेहमीचाच, दोन वर्षं त्याच वाटेने जात होतो. मी ब्रेक दाबला होता, पण–"

"आता त्याचं काय!" घाग दारातून ओरडले. "तू गप रव. दहा येळा झालं सांगून."

सागरने नजर खिडकीबाहेर वळवली. थोड्या वेळाने म्हणाला, "आदल्या संध्याकाळी दोन ग्लास घेतले होते मी. खोटं कशाला बोलू? पण सकाळी शुद्धीत होतो. निदान मला तसं वाटतं. आता माझं मलाच खरं वाटत नाही."

राजश्री पाठ करून डबा घासत होती. तिचा हात जरा थांबला आणि पुन्हा चालू झाला.

बाहेर आल्यावर रामा म्हणाले, "घागभाऊ, मला फसवत होतात."

"सांगितलं असतं तर कोनी घेतला असता? आधी दोघं येऊन गेले. ऐकलानी आणि हात जोडलानी."

रामांनी गार इंजिनला सेल्फ मारला. एका झटक्यात सुरू झालं. डोळे मिटून त्यांनी दहा मिनिटं आवाज ऐकला. त्या आवाजात कुठेही खोट नव्हती. दारू पिऊन कुणी पडला असेल तर त्यात यंत्राचा काय दोष, असा विचार करून त्यांनी व्यवहार पक्का केला.

चार दिवसांनी टेम्पो घेऊन ते परत गेले. ट्रॅक्टर फळीवरून चढत असताना घाग त्यांच्या जवळ आले.

"उतारावर जपून," ते म्हणाले. "बकेट अर्धीच भरा."

"होय."

"अर्धीच भरा. आणि उतारावर बकेट खाली ठेवा, जमिनीला लागून."

"समजलं."

टेम्पो निघाला तरी घाग बाजूने चालत होते. "जपून हां. उतारावर."

पोरगा दारूमुळे पडला असं धरून बसलेला माणूस उताराची इतकी धास्ती का घेतो? पुढचे दोन तास रामा टेम्पोच्या केबिनमध्ये तेच घोळवत होते.

घरी मालनने ट्रॅक्टरला हळदकुंकू लावलं आणि नवऱ्याला म्हणाली, "आता तरी तोंड हसरं करा. लग्नात पन असंच तोंड केलंवतंत. माझ्यात खोट हाय काय, ती बघत होतात."

"ह्याच्यात काहीतरी हाय, मालन. मला घावत नाय."

"घावंल. तुम्हाला घावल्याशिवाय झोप कुठली!"

ऑइल, फिल्टर, पंख्याचा पट्टा असं सगळं त्यांनी ओळीने बदललं. दर रविवारी लोडरच्या सगळ्या पिनांना ग्रीस, रोज सकाळी रेडिएटरची जाळी झटकून साफ. दहा खड्डे भरून झाले. ट्रॅक्टर कुरकुर न करता चालत होता. पण बकेट मातीने भरून वर उचलली की रामांना सीटखाली काहीतरी हलकं झाल्यासारखं वाटे. मागचा भाग जमिनीवर नुसता टेकलेला असावा तसा. घागांनी सांगितल्याप्रमाणे ते बकेट अर्धीच भरत, तरी ते हलकेपण जाईना.

हे आपण कुठेतरी अनुभवलंय, असं त्यांना वाटत होतं. मार्चच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी व्हाळाकडून चढताना त्यांना ते आठवलं. ते लहान असताना वडिलांची होडी होती. बाजारात मासळी उतरवून रिकामी परत निघाली की वडील तिच्या तळाशी दगड टाकत. त्याला नीरम म्हणत. नीरम नसलेली होडी पायाखाली अशीच लागायची, वाऱ्याच्या एका फटक्याची वाट बघत असल्यासारखी.

रामांनी ट्रॅक्टर सपाटीला घेतला आणि मागच्या चाकाशी गुडघा टेकून बसले. लोडरवाल्या ट्रॅक्टरला पुढे ओझं येतं, म्हणून मागच्या टायरमध्ये पाणी भरतात. हे त्यांना ऐकून माहीत होतं. घेताना त्यांनी इंजिन ऐकलं, ऑइल हुंगलं, रंग हुंगला. टायरवर मात्र नुसता अंगठा दाबून हवा बघितली होती. चाक फिरवून त्यांनी वॉल्व्ह खाली आणला आणि आतली पिन दाबली. हवेबरोबर गंजट पाण्याचे चार थेंब त्यांच्या मनगटावर उडाले. मग नुसती हवा. दुसऱ्या चाकाचंही तेच.

सीटखालच्या कप्प्यात कागदांची प्लॅस्टिकची पिशवी होती. शोरूमच्या कार्डावर शेवटच्या ओळीत हाताने लिहिलं होतं : मागील दोन्ही टायरमध्ये पाणी भरून दिले. लोडर वापरताना काढू नये.

म्हणजे पाणी होतं आणि कुणीतरी ते काढलं होतं. दोन्ही चाकांचं मिळून सव्वाशे किलो तरी वजन.

त्यांनी तिथूनच फोन लावला.

"घागभाऊ, राजापूरवरून शिवलकर. मागच्या चाकांतलं पाणी कधी काढलंत?"

पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता. घागांचा श्वासही ऐकू येत होता.

"कसलं पाणी?" ते म्हणाले आणि फोन बंद झाला. रामांनी परत लावला तर लागला नाही.

रामा संतापले. आपल्याला सव्वाशे किलोने हलकी, जीवघेणी वस्तू विकली. मालनने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आपली माणसं धड हायत ना? मग पानी भरा आणि कामाला लागा. कोनाच्या घरात कशाला डोकावताव?"

त्यांनी पाणी भरलं. जॅकवर चाक उचलून, वॉल्व्हला नळी लावून, वरचेवर हवा सोडत अर्धा दिवस गेला. दुसऱ्या सकाळी मातीची बकेट घेऊन ते उताराला लागले. ट्रॅक्टर जमिनीला धरून चालला होता. उताराच्या मध्यावर त्यांनी ब्रेक दाबला आणि तो जागच्या जागी थांबला. कालपर्यंत तो हातभर घसरून मग थांबायचा. रामा त्याला वाळलेल्या गवताचा दोष देत होते.

त्यांनी ब्रेकवरचा पाय काढला नाही. ब्रेक मागच्या चाकांना. चाकांवर वजन नाही. पुढे बकेटमध्ये चिरे. पावसाने निसरडा झालेला उतार.

मी ब्रेक दाबला होता, असं तो पोरगा म्हणत होता.

रामा इंजिन बंद करून तसेच बसून राहिले. त्यांच्या डोळ्यांसमोर सागर आला, पण त्याच्याआधी बाबल्या आला, त्यांच्या बोटीवरचा खलाशी. एकोणीस वर्षांपूर्वी बोटीवरचं डिझेल कमी पडू लागलं, तेव्हा रामांनी बाबल्यावर संशय घेतला होता. बंदरात चार माणसांसमोर विचारलं होतं, कुणाला विकतोस? बाबल्या एक शब्द न बोलता आपली वळकटी घेऊन उतरला. चार महिन्यांनी टाकीच्या खालच्या शिवणीत केसाएवढी चीर सापडली. तेव्हा बाबल्या वेरावळकडच्या बोटींवर गेला होता. जाऊन सांगू, पुढच्या सुट्टीत सांगू, असं म्हणता म्हणता वर्षं गेली. मग कुणीतरी सांगितलं की बाबल्या तिकडेच वारला. चोर म्हणूनच वारला. हे रामांनी मालनलाही सांगितलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने ते सावर्ड्याला निघाले.

घाग मांगराशी, गुरांच्या गोठ्याशी, लाकडं रचत होते. रामांना पाहून त्यांच्या हातातलं लाकूड खाली पडलं. "हिकडं या," असं म्हणून ते त्यांना मांगराच्या मागे घेऊन गेले.

"पैसं परत पायजेत तर देतो."

"पैशासाठी मी चार तास एसटीत बसलो नाय. पाणी कोनी काढलान?"

घाग भिंतीला टेकून खाली बसले.

"मी. खालचा कोपरा लावणीसाठी चिखलायचा रायलावता. सागर मित्रांकडे गेलावता, गटारी होती ना. म्हटलं, मीच आटपतो. तर मेला जड, सारखा रुतत होता. दोनदा रुतला. मग दोन्ही चाकांतलं पानी काढलं आणि हवा मारली. काम झालं. म्हटलं, उद्या भरू." त्यांनी गमछा तोंडावरून फिरवला. "सकाळी मी उठायच्या आधी तो चिरे भरून गेला."

"सांगितलंत का नाय?"

"हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलानी, काल घेतलीवती काय? तो म्हनाला, व्हय. झालं. सगळ्यांनी तेच धरलानी. मी काय बोललो नाय, एवढंच. पयल्या दिवशी नाय बोललो. मग दुसऱ्या दिवशी काय तोंडाने बोलायचं? तिसऱ्या दिवशी पाय कापलानी."

कुठेतरी सुतार पक्षी लाकडावर ठोकत होता. रामा उभेच होते. संशय खरा ठरला की त्यांना नेहमी आत कुठेतरी बरं वाटायचं. आज वाटलं नाही.

"आठ महिने तुम्ही रोज त्याच्यासमोर जेवताव," ते म्हणाले.

"जेवतो कुठं?" घाग म्हणाले.

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "तुम्ही सांगनार त्याला?"

"मी परका मानूस. तुम्ही सांगा. मी हितं बसतो."

"आणि नाय सांगितलं तर?"

"तर मी आत जाईन आणि विचारीन, सागर, मागच्या चाकांत पाणी किती भरायचास? तो ट्रॅक्टर जाणतो. पुढचं त्याला विचारायला नको."

घागांनी वर पाहिलं. त्या नजरेत राग होता आणि विनवणीही होती. मग दोन्ही गेली.

"राजश्री येऊ दे," ते म्हणाले. "दोघांना एकदमच सांगतो. दोनदा नाय सांगता येनार मला."

साडेचार वाजेपर्यंत दोघे मांगरामागे बसून राहिले. एकदा घाग उठून गेले तेव्हा हा माणूस पळून जातो की काय, असं रामांना वाटलं. पण ते तांब्या घेऊन परत आले, आणि पहिलं पाणी त्यांनी रामांना दिलं.

राजश्री आली. रामांना पाहून तिने नुसती मान हलवली, पण पिशवी खाली ठेवली नाही. घाग तिच्या मागोमाग आत गेले आणि उंबऱ्याच्या आत दोन पावलांवर थांबले. रामा ओटीवरच राहिले. दार उघडं होतं.

घागांनी सांगितलं. फार थोड्या शब्दांत सांगितलं. रुतत होता, पाणी काढलं, उद्या भरू म्हटलं. आवाज एकदाही चढला नाही.

मग सागरने विचारलं,

"दोन्ही चाकांतलं?"

"दोन्ही."

"पूर्ण?"

"येईल तेवढं सगळं काढलं."

मग सागर बोलला, पण बापाशी नाही.

"मग मी ब्रेक दाबला होता," तो म्हणाला. "राजश्री, मी दाबला होता. मी झोपेत नव्हतो. मी दाबला होता गं."

"ऐकलं," राजश्री म्हणाली. "मी ऐकलं."

"सागर–" घाग म्हणाले.

"बाबा, आता नको. आत्ता काही नको."

घाग बाहेर आले. रामांच्या बाजूला जागा होती, पण ते बसले नाहीत. अंगणात जाऊन ट्रॅक्टर जिथे उभा असायचा, तिथे काही काम असल्यासारखे उभे राहिले. त्यांना हाक मारावी, असं रामांना वाटलं. पण काय म्हणून मारायची, ते सुचेना. आपण केलं ते बरं केलं की वाईट, हाही संशय त्यांना आला. याला हात लावून बघण्यासारखं काही नव्हतं.

राजश्री बाहेर आली तेव्हा तिने तोंड धुतलं होतं. कंपनीचा शर्ट अजून अंगावरच होता.

"काका, चला. गाडी चुकेल तुमची. मी येते फाट्यापर्यंत."

"कशाला? मी जाईन."

"मला दुकानात जायचंय."

वाटेत ती खाली बघून चालत होती. मग म्हणाली, "बसमध्ये बायका माझ्याशी चांगलं बोलतात. फार चांगलं बोलतात. दारुड्याच्या बायकोशी बोलतात तसं. ह्यांना मी कधी काही बोलले नाही, पण रोज ह्यांचं तोंड हुंगत होते. पाय गेल्यावरसुद्धा. घरात बसलेला माणूस कुठून आणून पिणार? तरी हुंगत होते." ती जरा थांबली. "ते त्यांना कळत होतं."

थोडं चालून झाल्यावर रामांनी तिला बाबल्याची गोष्ट सांगितली. जन्मात पहिल्यांदाच. तिने मध्ये काही विचारलं नाही.

फाट्यावर दुकानात दिवा लागला होता. बाकावर गावचे तिघे-चौघे बसले होते. राजश्री दिसताच त्यांचं बोलणं थांबलं. दुकानदाराने विचारलं, "वैनी, पाव्हनं कोन?"

राजश्रीने रामांकडे पाहिलं नाही. सगळ्यांना ऐकू जाईल, पण ओरडल्यासारखं वाटणार नाही, अशा आवाजात ती म्हणाली,

"आमचा ट्रॅक्टर यांनी घेतला. गाडीतच खोट होती. यांनी उघडून बघितलं तेव्हा कळलं. आमच्या ह्यांनी ब्रेक दाबला होता, पण तो लागलाच नाही."

बाकावरची माणसं रामांकडे बघू लागली. त्यातला एक म्हणाला, "काय खोट होती ओ?"

रामांनी त्या ट्रॅक्टरचा एकेक नट हाताळला होता. त्याच्यात कसलीही खोट नव्हती. चांगल्या यंत्राला त्यांनी उभ्या आयुष्यात कधी वाईट म्हटलं नव्हतं, मालकाच्या धाकानेही नाही. राजश्री समोर रचलेल्या साबणांकडे बघत उभी होती. सासऱ्याचं नाव तिने घेतलं नव्हतं आणि ती ते घेणारही नव्हती.

"ब्रेकची," रामा म्हणाले. "मागची चाकं धरत नव्हती. इंजिनांत सत्तावीस वर्षं काढली मी. त्या दिवशी त्या सीटवर कोनी पन असता, मी असतो, तरी पडलो असतो."

"आयला," तो माणूस म्हणाला. "आणि आम्ही–" पुढे तो बोलला नाही.

वळणावर एसटीचे दिवे दिसले. रामांनी हात केला. पायरीवर चढताना त्यांनी मागे पाहिलं, तेव्हा राजश्री दुकानदाराला सांगत होती, "सहा अंडी द्या. आणि पाव."

गाडी सुटली. बाकावरच्या माणसांनी सरकून तिच्यासाठी जागा केली होती. ती बसली नव्हती. दिव्याखाली उभी राहून दुकानदाराने दिलेलं एकेक अंडं ती उजेडासमोर धरून बघत होती आणि हळूच पिशवीत ठेवत होती.